कुरणातले कुत्रे आणि टाकीवरचा डबा : प्रकल्प नोंदी

२६ मे २०२४, रविवार

वाशीम जिल्ह्यातला कारंजा तालुका, गावाच्या उत्तरेची ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी गायरान. आज चार ट्रॅप कॅमेरे बांधले. दोन पांदणीच्या तोंडाशी, एक नाल्याच्या काठावरच्या बोरीला, एक कुरणाच्या मधोमध लोखंडी खुंटीवर.

या कुरणात मागच्या पावसाळ्यात काळविटाची दोन पाडसं कुत्र्यांनी फाडली. टिटवीची अंडी तर ढोरकी पोरांनी मोजणंच सोडून दिलं. अभयारण्याची हद्द इथून लांब नाही, पण काळवीट हद्द वाचत नाही. इथे वनखात्याचा पहारा नसतो. इथे आम्ही आहोत : गावची जैवविविधता समिती, आयटीआयची आमची इलेक्ट्रॉनिक्सची दहा पोरं, आणि पारधी बेड्यावरचे (वस्तीवरचे) दादा. बेत असा : कुत्रे कोणते आणि कुठून येतात ते आधी कॅमेऱ्यांनी पाहायचं, मग पिंजऱ्यात जिवंत पकडून नसबंदीला पाठवायचे, आणि पिंजऱ्याचं दार पडलं की रेडिओच्या डब्याने आम्हाला फोनवर कळवायचं.

दुपारी तीन वाजता चाचणी घेतली. एका विद्यार्थ्याला कॅमेऱ्यासमोर चार पायांवर चालायला लावलं. तो तीन वेळा गेला, फोटो एकही नाही. पोरं म्हणाली कॅमेरा बिघडला. बिघडला नव्हता. हे कॅमेरे अंगाची ऊब ओळखतात, म्हणजे खरं तर आजूबाजूपेक्षा वेगळी असलेली ऊब. मे महिन्यात आमच्याकडे जमीनच अंगाइतकी, कधी अंगाहून जास्त तापते. मग कॅमेऱ्याला कुत्रा आणि ढेकूळ सारखेच. संध्याकाळी साडेसहाला तोच पोरगा पुन्हा चालला, पाचपैकी पाच फोटो आले. तेव्हा उन्हाळ्यातल्या भर दुपारच्या नोंदी हिशेबात धरायच्या नाहीत, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

२ जून, रविवार

मोठा डबा गावच्या पाण्याच्या टाकीवर चढवला. छोटे डबे कुरणात पिंजऱ्यांपाशी असतील, ते रेडिओवरून याला निरोप देतील आणि हा सिमकार्डावरून आमच्या फोनवर. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, आमचे लोरा मॉड्यूल (कमी विजेवर लांब बोलणारे छोटे रेडिओ) त्यावरच चालतात. या रेडिओची एक मर्यादा पोरांना समजावून सांगावी लागली : निरोप फार छोटा जातो, दोन-चार डझन अक्षरांचा. ‘दार बंद, सेल इतका’ एवढंच. फोटो पाठवायचं काम याचं नाही. कॅमेऱ्याची कार्डं आठवड्याला चालत जाऊनच आणायची. पोरं थोडी नाराज झाली, त्यांना फोनवर थेट वाघ पाहायचा होता.

फोनवर थेट फोटो पाठवणारे कॅमेरे आहेत. कान्हा-पेंचच्या पट्ट्यात असे कॅमेरे लावले गेले आहेत, ते चित्रातला वाघ आतल्या आतच ओळखून तेवढाच फोटो धाडतात. आमच्या खिशात तो कॅमेरा बसत नाही.

रेंज मोजली. टाकीवरून साधारण साडेतीन किलोमीटरवरचा डबा व्यवस्थित बोलतो. नाल्यात उतरलं की मुका. म्हणून नाल्यातला डबा काठावर आणून बांबूवर चढवला.

९ जून, रविवार

मृगाचा पहिला पाऊस परवा झाला. कार्डं आणली.

दोन आठवड्यांत सर्वांत जास्त फोटो गाईम्हशींचे, मग रोह्यांचे (नीलगायींचे), मग वाऱ्याने हलणाऱ्या गवताचे. कुत्र्यांचे वेगळे काढले आणि समितीच्या बैठकीत लॅपटॉपवर दाखवले. मी ‘कुत्रा क्र. १, २, ३’ असं लिहून ठेवलं होतं. सरपंच ताईंनी एका मिनिटात तक्ता रद्द केला.

“सर, हा तं मोत्या हाय. आमच्या पाटलाच्या वावरातला. आन् हे लाल कुत्री, ते कोंबड्याच्या शेडकडची. हा काना कुत्रा कोनाचाच नाई, पन त्याले समदे भाकर टाकते.”

गावात इतके दिवस बोललं जायचं की ‘जंगली कुत्रे’ येतात. जंगली एकही निघाला नाही. सोळापैकी बारा ओळखीचे, त्यातले आठ कोणाच्या ना कोणाच्या वावराच्या राखणीचे. न ओळखलेल्या चौघांबद्दल एकमत झालं नाही, पण तेही कोणीतरी पाहिलेलेच होते.

पुस्तकात ‘परके भक्षक’ वाचलं की डोळ्यांसमोर बोटीतून उतरलेला उंदीर येतो. न्यूझीलंडचं उदाहरण मी पोरांना सांगत असतो : तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा देशी सस्तन प्राणीच नव्हता, मग माणसांबरोबर उंदीर, मुंगसासारखा स्टोट, झाडावर चढणारा पॉसम गेले आणि न उडणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पडला. २०५० पर्यंत हे भक्षक देशातून संपवायचे असं त्या सरकारने २०१६ मध्ये ठरवलं. जिवंत पकडणारा पिंजरा तिथे रोज तपासावाच लागतो, म्हणून सापळ्यांना रेडिओ लावून डोंगर चढण्याच्या फेऱ्या वाचवतात. आमची कल्पना तिथूनच उचललेली. पण तिथल्या स्टोटाला कोणी मोत्या म्हणत नाही.

१६ जून, रविवार

आज दिवसभर एकाच गोष्टीवर वाद : दार लागलं की निरोप यावा हे ठीक, पण निरोप आलाच नाही तर काय समजायचं? पिंजरा उघडा आहे, की डबा मेला आहे?

आधीची जोडणी अशी होती की दार पडलं की चुंबक रीड स्विचजवळ (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) येतो आणि निरोप जातो. यात तार तुटली तर निरोप कधीच जाणार नाही, आणि आम्ही घरी निवांत. ती उलटी केली. आता दार उघडं असताना चुंबक स्विचला चिकटून असतो. दार पडो, तार तुटो, उंदराने कुरतडो, चुंबक गळून पडो, प्रत्येक वेळी ‘बंद’ असाच निरोप येईल. फार तर फुकटचा हेलपाटा पडेल. शिवाय दर तासाला डब्याने ‘मी आहे’ एवढं म्हणायचं. पोरांनी त्याला ‘हजेरी’ नाव दिलं. हजेरी लागली नाही की ओरड (दार पडल्याचा निरोप) आलीच असं धरून निघायचं.

सेल जास्त जातो, जाऊ दे. सोलर पॅनलचा एक तुकडा वाढवला.

२३ जून, रविवार

कायद्याची बाजू लिहून ठेवतो, कारण गावात विचारणारे रोज भेटतात की “सर, सरळ औषध काहून नाई घालत?”

विष घालता येत नाही, मारता येत नाही, उचलून दुसऱ्या गावी सोडताही येत नाही. १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आहेत. कुत्रा पकडायचा, मान्यताप्राप्त संस्थेकडून नसबंदी आणि रेबीजची लस, कानाला खूण, आणि जिथून उचलला तिथेच परत. विषाचं म्हणाल तर ते कुत्र्याच्याच तोंडात जाईल याची हमी काय? या कुरणात खोकड आहे, लांडगा येतो-जातो. कोणताही वन्यप्राणी पकडणं १९७२ च्या कायद्यात शिकारीतच मोजलं जातं, म्हणून वनरक्षक ताईंना पिंजऱ्यांच्या जागा नकाशावर दाखवून, लेखी कळवून ठेवल्या.

संस्थेची गाडी जिल्ह्याच्या गावाहून येते. सकाळी आठच्या आत फोन केला तर त्याच दिवशी. म्हणून रात्री दार कधी पडलं ते आम्हाला पहाटेच कळायला हवं. काळ्या मातीत पाऊस पडला की मोटारसायकल निम्म्या वाटेत चिखलात बसते, आणि दोन्ही पिंजऱ्यांची चालत फेरी म्हणजे अडीच तास. हा सगळा डब्यांचा खटाटोप त्या अडीच तासांसाठी आहे.

रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही (कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूजन्य रोग) लस द्यावी असा माझा आग्रह. २०१८ मध्ये गीरमध्ये थोड्या दिवसांत वीसहून जास्त सिंह गेले, काहींच्या अंगात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आमच्याकडे सिंह नाही, पण लांडगा आणि खोकड कुत्र्याच्याच कुळातले. लसीचा खर्च वर्गणीतून.

३० जून, रविवार

पिंजरे लावले. जागा मी निवडल्या होत्या, दादांनी दोन्ही बदलल्या.

“सर, तुमी कुत्र्याले तुमच्या जागेवर बोलावता. तो काहून येईन? तो जिथी बसते तिथी पिंजरा न्या ना.”

त्यांनी ओल्या मातीत बोटाने दाखवलं : इथे लघवी, इथे लोळलेलं, इथून रोज वळण. फासेपारध्यांच्या चार पिढ्यांनी फास मांडले ते असंच वाचून. पिंजऱ्याच्या बिजागरीला त्यांनी तेल नको म्हटलं, वास येतो. तळाला जाळी दिसली की कुत्रा पाय ठेवत नाही, म्हणून तिथलीच माती अंथरली.

मग एक गोष्ट त्यांनीच काढली. पिंजरा मी एकट्याने नेणार नाही, म्हणाले. पारध्याच्या हातात सापळा दिसला की आधी मार बसतो, विचारपूस नंतर. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला, लोकांच्या नजरेतून गेला नाही. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचं पत्र केलं, त्यांचा फोटो चिकटवला, प्लास्टिकमध्ये घालून दिलं. समितीतला एक माणूस कायम सोबत राहील असंही ठरलं. हे पत्र पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. सेन्सरची यादी मी चार वेळा तपासली होती, ही गोष्ट सुचली नाही.

६ जुलै, शनिवार

पहाटे २:४० ला पहिली ओरड. टॉर्च, काठी, चिखल. सव्वाचारला पोचलो तर पिंजऱ्यात खोकड. कोपऱ्यात मुटकुळं करून, डोळे लख्ख. दार वर धरलं आणि बाजूला झालो. पाच मिनिटं हललं नाही, मग गेलं ते दिसलंसुद्धा नाही.

खोकडाचं वजन दोन ते चार किलो. गावकुत्रा दहाच्या पुढचा. म्हणजे तळाची पट्टी पाच-सहा किलोखाली दबायला नको. घरी वजनकाट्यावर वाळूच्या पिशव्या ठेवून स्प्रिंग बदलली. पाच किलोला पट्टी हलत नाही, सातला पडते.

१४ जुलै, रविवार

आठवड्यात तीन कुत्रे. लाल कुत्री, तिचं मोठं झालेलं पिल्लू, आणि काना. दार पडल्यापासून आम्ही पोचेपर्यंत सर्वांत जास्त वेळ लागला तो एक तास पन्नास मिनिटं. गाडी नऊला आली.

कान्याला गाडीत चढवताना ढोरकी बुवा बघत होते. म्हणाले, “याच्या भाकरीची वेळ झाली हाय, कोन देईन तिथी?” संस्थेच्या पोराने सांगितलं की तिथे जेवण मिळतं. बुवांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

२१ जुलै, रविवार

आखाडी. घरी पुरणपोळी टाकून सकाळी कुरणात.

तणमोर!

दादांनी आधी ऐकला. बेडकासारखा करकर आवाज, आणि गवतातून काळा-पांढरा पक्षी सरळ वर उसळला, पंख फडफडवले, खाली पडल्यासारखा उतरला. मग पुन्हा. नर पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून असा दिवसभर उड्या मारत असतो, शेकड्यांनी. आम्ही वीस मिनिटांत मोजणं सोडलं. जगात अगदी थोडे उरलेत, २०२१ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि अकोला-वाशीमची गवताळ रानं त्याच्या उरलेल्या जागांपैकी आहेत.

पोरांनी लगेच विचारलं, कॅमेरा इथे आणायचा का? नाही. मादी एकटीच जमिनीवर साधारण तीन आठवडे अंड्यांवर बसते. आपण गवत तुडवून वाट केली की त्याच वाटेने कुत्रा येणार. उलट या बाजूच्या खुंटीवरचा कॅमेराही काढून पांदणीकडे नेला. कुत्रा गावाकडून येतो, मग त्याला पाहायचं ते गावाकडच्या टोकाला. जागेचा नकाशा, फोटो कुठेही टाकायचा नाही असं पोरांकडून वदवून घेतलं. एकाने तोवर स्टेटस ठेवलं होतं. काढायला लावलं.

२८ जुलै, रविवार

वाईट आठवडा. सविस्तर लिहितो.

बुधवारी रात्री दोन नंबरच्या पिंजऱ्यात मोत्या अडकला. आम्हाला कळलं गुरुवारी सकाळी अकरानंतर, तेही दादा सहज तिकडे गेले म्हणून. मोत्या नऊ-दहा तास तरी आत होता, रात्रभर पाऊस. नाक जाळीवर घासून सोललं होतं. पाणी दिलं, प्यायला नाही.

डब्याने निरोप पाठवला होता. टाकीवरचा मोठा डबा बंद होता. पाणी सोडणाऱ्या भाऊंनी फोन चार्ज करायला त्याची पिन काढली होती आणि मग विसरले. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही, पिनेवर आम्ही चिठ्ठीसुद्धा लावली नव्हती. हजेरी चुकली की ओरड येईल असं आम्ही ठरवलं होतं खरं, पण ती ओरडही त्याच मोठ्या डब्याने द्यायची होती. म्हणजे जो मेला त्यानेच आपल्या मरणाची बातमी द्यायची. चूक माझी.

आता मोठ्या डब्याची हजेरी माझा घरचा संगणक घेतो आणि दोन तास ती आली नाही तर फोन वाजतो. डब्याला स्वतःची बॅटरी बसवली. आणि ज्या रात्री हजेरी नाही, त्या रात्री पिंजऱ्याची दारं दोरीने बांधून टाकायची, हा नियम. पाटलांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते काही बोलले नाहीत, चहा मात्र दिला.

११ ऑगस्ट, रविवार

अकरा आठवड्यांच्या कार्डांमधून वेळा आणि दिशा काढून मोठ्या कागदावर मांडल्या. मला वाटायचं कुत्रे रात्री शिकारीला निघतात. निघतात ते पहाटे साडेचार ते सात, आणि पुन्हा दिवेलागणीला. आणि ते कुरणासाठी येतच नाहीत. त्यांच्या वाटा कुरणाच्या पलीकडच्या टोकाला जातात, जिथे मेलेली ढोरं टाकतात. जवळच कोंबड्यांचं शेड आहे, तिथल्या मेलेल्या कोंबड्याही पोत्याने त्याच खड्ड्याशी येऊन पडतात. कुत्र्यांचं ताट तिथे आहे. पाडस, टिटवी, तणमोर हे वाटेत सापडलेलं.

पूर्वी याच जागी ढोर पडलं की गिधाडं दिवसात हाडं उघडी करायची. बुवांनी ती पाहिली आहेत. ढोरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचायला लागले, ते मेलेलं ढोर खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात नव्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं, पण इथली गिधाडं परतली नाहीत. त्यांच्या पंगतीत आता मोत्या बसतो.

नसबंदीने कुत्र्याची पिल्लं थांबतात, दात थांबत नाहीत. पिंजरा चालू ठेवायचा, पण खरं काम या खड्ड्याचं आहे. दोन महिने मी चुकीच्या टोकाला सोल्डरिंग करत होतो असंही म्हणता येईल. पोरं म्हणतात, सर, डबे नसते तर फोटो कशाला काढले असते. तेही खरं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

ग्रामसभा. कागद भिंतीवर टांगला.

एक शेतकरी उठले. “सर, रातच्याले डुक्कर येते वावरात. सोयाबीन लोळवते. कुत्रा बांधून ठेवू म्हनता, मंग डुकराले तुमचा डबा हाकलनार हाय का?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं, त्यांच्या शेजाऱ्याकडे होतं. डुक्कर पहाटे चारला परत फिरतं, कुत्र्यांची फेरी साडेचारला सुरू होते. रात्रभर मोकळा आणि पहाटे चार ते आठ बांधलेला, एवढंच करा. फक्त दसऱ्यापर्यंत. सहा घरांनी हो म्हटलं, तीन घरं गप्प राहिली, एका घराने सांगितलं की आमचा कुत्रा आम्हालाच चावतो, बांधायला तुम्ही या.

खड्ड्याचा ठराव झाला : खोल खड्डा, चुना, वर माती, भोवती काटेरी तार. जेसीबी एका दिवसाचा, पैसे पंचायतीचे. कोंबड्याच्या शेडवाल्यांना सरपंच ताई स्वतः भेटणार. त्यांनी सभेत एकच वाक्य टाकलं, “मी मंगळवारी जाते, कोनाले सोबत यायचं तं या.” बरेच हात वर झाले.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. कोणी कुरणात गेलं नाही. पिंजरे दोरीने बांधलेले. डब्यांची हजेरी पूर्ण.

२२ सप्टेंबर, रविवार

खड्डा ऑगस्टच्या शेवटी झाला. पांदणीच्या कॅमेऱ्यांवर पहाटेचे कुत्रे कमी दिसतात. पण याच दिवसांत बांधलेलेही आहेत, पाऊसही झाला, आणि नऊ कुत्र्यांची नसबंदी झाली. कोणत्या गोष्टीने किती फरक पडला हे या आकड्यांवरून सांगता येणार नाही, आणि वनखात्याला दिलेल्या अहवालात तसंच लिहिलं. शेडवाल्यांनी दोन आठवडे कोंबड्या पुरल्या, तिसऱ्या आठवड्यात पोतं पुन्हा तारेबाहेर दिसलं. ताई पुन्हा जाणार आहेत.

एक नंबरचा डबा आठवडाभर अडखळत बोलतोय. सेल ठीक, पॅनल ठीक. मग लक्षात आलं, मधल्या वावरात तूर डोक्याच्या वर गेली. जूनमध्ये रेंज मोजली तेव्हा तिथे नुसती सरी होती. बांबू बदलून अँटेना दीड मीटर उंच केली. उघडताना डब्यात मुंग्यांचं अख्खं घर निघालं, अंड्यांसह. केबलच्या भोकाला मेण लावलं.

६ ऑक्टोबर, रविवार

पिंजरे उचलून आयटीआयच्या शेडमध्ये आणले. स्प्रिंगांना तेल. डबे तिथेच ठेवले, फक्त हजेरी दिवसातून एकदा.

शेवटच्या कार्डावर कान खुणेचा काना, मोत्या (नाकावर डाग आहे), दोन रोही, एक टिटवी मागे तीन पिल्लं घेऊन. आणि तेहतिसाव्या फोटोत एक पांढरा, अंगापिंडाने मोठा कुत्रा. कानाला खूण नाही. ताईंना दाखवला, ओळखला नाही. बुवांनी ओळखला नाही. दादांनी फोन हातात घेतला, मोठा करून पाहिला आणि नाल्यापलीकडच्या गावाकडे मान हलवली.

उद्या सकाळी तिथल्या सरपंचांना फोन.